मागच्या बाकावरून दिसणारी वेणी

"कोणती ओळ दिसते?"

"सगळ्यात वरची."

"तिच्या खालची?"

"अंदाजाने सांगू?"

"अंदाजाने चष्मा देत नाही आम्ही," ठिणगी म्हणाली आणि दुसरी काच आणायला कपाटाकडे वळली.

पाठीमागून तपासणीच्या खुर्चीतला तरुण म्हणाला, "अरेच्चा! ही वेणी तर माझ्या ओळखीची आहे."

आता, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलीला रोज कुणी ना कुणी काहीतरी ऐकवतच असतं. तुमचे डोळे काय, तुमचं हसू काय, तिला सगळं पाठ झालं होतं. पण वेणी? ती फणकाऱ्याने वळली. ठिणगी हे नाव तिच्या आत्याने ठेवलं होतं, आणि उगीच नव्हतं ठेवलं.

"हे बघा, गप्पा मारायच्या असतील तर बाहेर..."

"नाही हो, रागावू नका! आपण एकाच चर्चमध्ये जातो. तुम्ही पहिल्या बाकावर, आत्याबाईंच्या शेजारी. मी अगदी शेवटच्या. लहानपणापासून ही वेणी बघतोय. चेहरा मात्र आज पहिल्यांदा..."

ठिणगीचा राग जागच्या जागी मावळला. इतकी वर्षं एकाच छपराखाली एकच गाणी गायलेला माणूस, आणि तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं! पुढच्या बाकांवरची माणसं मागे वळून बघत नसत. उपासना संपली की बाजूच्या दाराने सरळ बाहेर. तिला फार ओशाळल्यासारखं झालं.

"मग... कसा आहे?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"चेहरा."

"आधी चष्मा द्या. खोटं बोलायला नको."

चष्मा मिळाला. आठवड्याच्या आत स्वारी परत हजर, काडी सैल झाली म्हणून. मग नाकावर रुततोय म्हणून. मग काही कारण न सांगताच.

"अख्ख्या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करता, आणि एवढासा स्क्रू आवळता येत नाही?"

"येतो ना. पण इथे आवळलेला जास्त टिकतो."

ठिणगीने त्याचं नाव लिफ्टवाला ठेवलं. दुकान बंद झाल्यावर दोघं बसथांब्यापर्यंत चालत जात. रिमझिम असली की एकाच छत्रीत, आणि छत्री एवढीशी असल्याबद्दल दोघांचीही काही तक्रार नव्हती.

अशाच एका संध्याकाळी ती म्हणाली, "येत्या रविवारी पुढे येऊन बस ना. आमच्या बाकावर जागा असते."

तो चालता चालता थांबला. "आमचा प्याला मागे असतो ना..."

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायच्या विधीला, दोन प्याले होते. चांदीचा पुढच्या बाकांसाठी, तो मंडळीचे पंच म्हणून ठिणगीचे बाबा धरत. स्टीलचा मागच्यांसाठी, तो पाळकसाहेब. गर्दी असते म्हणून दोन, असं ठिणगी जन्मभर समजत आली होती. त्याने सांगितलं तेव्हा कळलं, पुढे होती जुनी घराणी, आणि मागे होती कपडे धुणाऱ्यांची, विटा भाजणाऱ्यांची, मागाहून ख्रिस्ती झालेली घरं. त्यांच्या ओठांना लागलेला प्याला पुढच्यांना नको होता. कुणा आजोबाच्या काळात पडलेली पद्धत, ती कुणी मोडलीच नव्हती.

घरी गेल्या गेल्या तिने बाबांना गाठलं. लिफ्टवाल्याबद्दलही सांगून टाकलं, एका दमात.

"मुलगा चांगला असेल गं," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "पण लग्न म्हणजे दोघांनी मिळून प्रभुभोजन घेणं आलं. तुम्हाला देऊ कुठल्या प्याल्यातून?"

"त्यात काय एवढं?"

"लोक उठून जातील. त्याला एकट्याला पुढे बोलावता येईल फार तर. समजावतो मी सगळ्यांना."

तिला वाटलं, झालं काम! दुसऱ्या दिवशी नाचतच तिने ही बातमी सांगितली. लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला.

"माझी आई दिवसभर लोकांचे कपडे इस्त्री करते. ती मागे उभी राहणार, आणि मी तुझा म्हणून पुढे? नाही जमणार मला. आईला सोडून मी तुझ्याजवळ आलो, तर तुला तरी आवडेन का मी?"

ती रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही. पण तो बरोबर होता, हे तिला आतून कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या नकारानेच ती त्याच्या पुरती प्रेमात पडली.

रविवार आला. बाबांनी चांदीचा प्याला उचलला, पाळकसाहेबांनी स्टीलचा. पुढची माणसं उठून उभी राहिली. ठिणगीही उठली आणि मागे वळली.

किती चेहरे होते! सगळे तिच्याकडेच बघत होते. ती मधल्या वाटेने चालत गेली ती थेट शेवटच्या रांगेत. लिफ्टवाल्याची आई गोंधळून बाजूला सरकली. ठिणगीने तिचा हात घट्ट धरला.

पुढे कुजबुज उठली. बाबा जागीच थिजले. तेवढ्यात आत्याचा खणखणीत आवाज आला, "अगं थांब की जरा! माझे गुडघे धावतात का तुझ्यासारखे?" आणि आत्या निघाली, काठी आपटत. तिच्यामागे शाळेतल्या बाई, मग दवाखान्यातले डॉक्टर. दोघं-तिघं तरातरा बाजूच्या दाराने निघून गेले. बाकीचे मात्र रांगेत आले. पुढे बाबा एकटेच उरले.

बाबांनी हातातल्या प्याल्याकडे पाहिलं. तो मेजावर ठेवला, आणि येऊन शेवटी उभे राहिले, लिफ्टवाल्याच्याही मागे.

स्टीलचा प्याला आत्या, ठिणगी, लिफ्टवाल्याची आई, लिफ्टवाला असा ओठांवरून ओठांवर फिरत बाबांपर्यंत आला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायले. मग डोळे टिपत वळले, आणि साऱ्या मंडळीसमोर लिफ्टवाल्याच्या आईला म्हणाले,

"चला विहीणबाई, पुढे बसू या. जागा भरपूर आहे."

त्या माउलीला हुंदकाच फुटला.

"अरे, पण दादा!" आत्या ओरडली. "मुलाने मुलीला विचारलंय तरी का?"

हशा पिकला. लिफ्टवाला कानापर्यंत लाल झाला. "मी... म्हणजे... करशील माझ्याशी लग्न?"

"हो," ठिणगी म्हणाली.

"मागे ऐकू नाही आलं!" कुणीतरी ओरडलं.

"पुढेही नाही!" आत्या म्हणाली.

मग ठिणगीने मोठा श्वास घेतला आणि साऱ्या चर्चला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "हो!"