स्पर्शाचा व्हिसा

"तिथं ढेकर दिला तर हाकलून देतात का?"

ऋजुताने एकदाचं विचारून टाकलं. व्हिसाच्या मुलाखतीत हे विचारून दाखव, नाहीतर जन्मभर भित्री म्हणू, असं मैत्रिणींनी बजावलं होतं. शेजारी बसलेल्या आईने तिला कोपर मारलं. बाबा छताचा पंखा न्याहाळू लागले.

समोर सोमवाडीच्या सोलापूर कचेरीतल्या डॉक्टर मुजावर होत्या. सोमवाडी म्हणजे चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरचं सातशे माणसांचं गाव. कायदे स्वतःचे, व्हिसाही स्वतःचा. ऋजुताची थोरली बहीण शर्वरी चार वर्षांपूर्वी तिथं नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. आता तिला सहा महिन्यांचं बाळ होतं, आणि मावशीने ते फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

"हाकलत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण विचारलंस मुद्द्याचं. तुझ्या ढेकरातून, शिंकेतून, हाताच्या घामातून कोण बाहेर पडतं, ठाऊक आहे?"

"कोण?"

"तुझी प्रजा."

मग त्यांनी समजावलं. माणसाच्या अंगात सुमारे अडतीस लाख कोटी जंतू राहतात, शरीराच्या स्वतःच्या पेशींहून थोडे जास्तच. बहुतेक कामाचे. ते अन्न पचवतात, आजारांशी लढायला शिकवतात, काय खावंसं वाटावं यातही लुडबुड करतात. पृथ्वीवर वारा मोकळा, माती मोकळी, त्यामुळे सगळं खपून जातं. सोमवाडीत मात्र तीच हवा, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. बाहेरचा एक जंतू पंधरा दिवसांत सातशे जणांत पोचतो. म्हणून गावात सगळ्यांच्या अंगात जंतूंचा एकच संच. पाहुण्याचा संच काढून गावाचा पेरायचा, याला नाव जंतुपालट.

ऋजुता आपल्या तळहाताकडे बघतच राहिली. इतके दिवस ती स्वतःला एक मुलगी समजत होती. ही तर भरगच्च वस्ती निघाली, आणि वस्तीला तिचं नावही माहीत नव्हतं.

"म्हणजे व्हिसा मला नाही, यांना लागतो?"

"यांनाच. तुला एकटीला केव्हाही घेतलं असतं."

तेवढ्यात तपासणीच्या यंत्राने ऋजुताच्या पिशवीवर लाल दिवा लावला. डॉक्टरांनी हातमोजे घालून आतून एक कडक झालेला पांढरा रुमाल काढला.

"हे काय?"

"रुमाल आहे," आई म्हणाली. "स्वच्छ आहे अगदी."

"ताई, खरं सांगा," डॉक्टर आईला म्हणाल्या.

"बरं, दह्यात बुडवून वाळवलाय. कोमट दुधात टाकला की विरजण लागतं. शर्वरीला घरचं दही कुठून मिळणार तिकडे?"

"काल मला म्हणालीस, पोरीला नाक पुसायला," बाबा पुटपुटले.

डॉक्टरांनी रुमाल बरणीत बंद केला. "तुम्ही आईच्या मनाने दिलात, म्हणून मी याची नोंद करत नाही. पण शर्वरीने हे खाल्लं तर आठवडाभर आजारी पडेल. तिच्या अंगात आता तुमच्या घरचं कुणी उरलेलं नाही."

आईने पदर सारखा केला.

"आता ठरवा," डॉक्टर म्हणाल्या. "काचेचा व्हिसा घेतला तर वेगळ्या खोलीत राहायचं, बाळ काचेतून बघायचं, गेलीस तशी परत यायचं. स्पर्शाचा घेतला तर जंतुपालट. मग तीन आठवडे बाळ मांडीवर घे."

"आणि परत आल्यावर?" बाबांनी विचारलं.

"जुना संच जपून ठेवतो, तो पुन्हा पेरतो. पण पंधरा वर्षांच्या वयात सगळा रुजत नाही. काही तिकडचं कायमचं राहतं. आवडीनिवडी बदलतात. कधी स्वभावही, जरासा. कुठे बदलेल ते आधी सांगता येत नाही."

"काचेचाच द्या," आई म्हणाली.

"तिला पंधरा पूर्ण झालीत, त्यामुळे सही तिचीच चालते."

"आई," ऋजुताने हळूच विचारलं, "ताई बदलली का गं?"

आईने बरणीतल्या रुमालाकडे पाहिलं. "हसते वेगळी. फोनवर. मी कुणाला बोलले नव्हते."

ऋजुताला भीती वाटली, आणि भीतीच्या आतून आणखी काहीतरी उसळून आलं. कुणाला मिठी मारायची तर आधी थोडं त्याच्यासारखं व्हायचं. आणि हा चक्क कायदा होता, छापलेला, शिक्क्यासकट. तिने पेन उचलून सही केली.

"आई, बाबा, मी स्पर्शाचा घेतलाय," ती म्हणाली. "बाळाला कडेवर घेणार. परत येईन ती सगळीच तुमची नसेन. तिला घरात कसं घ्यायचं, ते तेवढं तुम्ही दोघांनी ठरवून ठेवा."