पाण्यातून उतरताना

माघातला रविवार, ऊन कोवळं. प्रेमदास पुलगावहून बायको-पोरीला घेऊन गावी आला आणि म्हणाला, "माय, चाल तलावावर. मोहिनीले डोंग्यात बसवू, गळ टाकू, काठावरच चूल मांडू."

वच्छलाबाई हरखली. मासे धरणाऱ्या धिवराच्या घरची बाई ती. पण नवरा तानबा गेल्यापासून डोंग्याला तिचा पाय लागला नव्हता.

दिवस कसा सरला ते कळलंच नाही. प्रेमदासच्या गळाला नुसतं शेवाळ येत होतं. त्याची बायको जया हसून म्हणाली, "तुमाले त बाजारातलीच मासोळी सापडते!" म्हातारीनं मग कणकेची गोळी लावून गळ सोडला आणि घटकाभरात हातभर रोहू वर काढला. सात वर्षांची मोहिनी टाळ्या पिटत होती. मासोळीला मात्र ती बोट लावीना, वासानंच नाक मुरडी.

ओल्या लाकडाचा तोच जुना वास. वच्छलाबाईला आपली गेलेली लेक जिजा आठवली. डोंग्यातून हात पाण्यात सोडून बसायची, 'ये बाई' म्हटल्याशिवाय हलायची नाही. रश्शातलं डोकं तिलाच लागायचं, त्यासाठी भावाशी भांडायची.

दिवस कलला, डोंगा काठाला लागला. वच्छलाबाई आधी उतरली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. धिवरांची रीतच तशी. वडीलधाऱ्यानं एकेकाला हाक द्यायची, त्यानं 'आलो' म्हणायचं, मगच पाय खाली टाकायचा. नाहीतर माणूस घरी येतो, जीव पाण्यात राहतो. जिजाला तानबानं झोपेतच खांद्यावर घेऊन उतरवलं होतं. त्या दिवसापासून पोर तलावाकडं तोंड करून बसायची. त्या सालची दिवाळीही बघितली नाही तिनं.

"प्रेमदास!"

"आलो व माय."

"जया!"

"आली, आत्याबाई."

"मोहिनी!"

मोहिनी जयाच्या मांडीवर गाढ झोपलेली.

"झोपू द्या ना तिले, आत्याबाई. दमली पोर."

"नाई. तिनं बोलल्याशिवाय उतरवजो नको. मोहिनी... ये बाई..."

"आली..."

बारीक आवाज आला. प्रेमदास हसला, "झालं न समाधान? चाल आता, भूक लागली."

वच्छलाबाई पोरीच्या तोंडाकडंच बघत होती. ओठ हलले नव्हते. पण तो आवाज इतका ओळखीचा, इतका गोड लागला काळजाला, की म्हातारी बाजूला सरली. जयानं पोरीला उचललं आणि खाली उतरवलं.

चुलीवर रस्सा उकळला. अंधारून आलं. मोहिनी जागी झाली, चुलीपाशी सरकली आणि तिनं ताटली पुढं केली.

"माय, मले डोकं दे."

"आता ग बाई!" जया म्हणाली. "सकायपासून नाक मुरडत होती नं तू? अन् आजीले माय काऊन म्हणून राह्यली?"

पोरगी डोकं खाऊ लागली. एकेक काटा सफाईनं काढून ताटलीच्या काठावर लावत राहिली. चाळीस वर्षांपूर्वी जिजा लावायची तसा, ओळीनं. वच्छलाबाई बघतच राहिली. त्या ओल्या केसांवरून हात फिरवावा, जवळ घ्यावं असं इतकं वाटलं तिला... आणि केस ओले कशानं, हे ध्यानात येताच तिनं उचललेला हात मागं घेतला. ही इथं जेवते, मग आपली मोहिनी कुठं आहे?

म्हातारी उठली. अंधारात पाण्यापाशी गेली. पाणी हलत नव्हतं. रातकिडेसुद्धा गप्प होते.

"मोहिनी..." तिनं हळूच हाक दिली.

दूर, तलावाच्या मधोमध, रडवेला आवाज उठला.

"आली, आजी... पण मले काठ दिसत नाई..."

वच्छलाबाई गुडघाभर पाण्यात शिरली. तेवढ्यात मागून तिचा पदर एका लहान, थंड हातानं घट्ट धरला.

"तिले नको बोलावू, माय. इतक्या दिवसांनी त तू मले 'ये बाई' म्हणून हाक दिली."