खाओ लाकची पाहुणी

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवायची मला हौस नाही, ज्यांना थापा वाटतात त्यांनी खुशाल पान उलटावं. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. जानेवारी २००७, ट्रॉय, मिशिगन, आमचंच टाउनहाउस, आणि वेळ भर दुपारची.

पण सुरुवात झाली थायलंडला, आणि तीही माझ्या नवऱ्याच्या जिभेमुळे.

परीक्षितला एक खोड आहे. भेटेल त्याला "या ना एकदा घरी" म्हणतो. ग्रोसरीच्या काउंटरवरच्या पोराला म्हणेल, गाडीचे टायर बदलणाऱ्याला म्हणेल. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तर सगळेच एकमेकांना म्हणतात आणि कुणीच कुणाकडे जात नाही. तेवढीच सोय.

२००३च्या ख्रिसमसला आम्ही खाओ लाकला गेलो होतो. समुद्राला लागून नोई नावाच्या बाईचं छोटंसं गेस्टहाउस होतं, बांबूच्या खोल्यांचं. तिची मुलगी आमच्या ज्ञानदाएवढीच, तीन वर्षांची. दोघी दिवसभर वाळूत लोळायच्या. नोई दोघींना एकाच ताटलीतून भात भरवायची.

पुढच्या वर्षी, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, तिथे त्सुनामी आली. टीव्हीवर तो किनारा ओळखूसुद्धा येत नव्हता.

२००६च्या ख्रिसमससाठी परीक्षितने परत तिथलंच बुकिंग केलं. "अगं, आता सगळं नवीन झालंय, गर्दी पण नाही यार," म्हणाला. गर्दी का नसेल, हा विचार या माणसाला शिवलाही नाही.

पोचलो तर काही म्हणजे काही ओळखीचं दिसेना. माडांची रांग गायब. एक मोठी बोट समुद्रापासून कितीतरी आत, गवतात पडलेली. रस्त्याच्या कडेला पळायची दिशा दाखवणारे निळे बोर्ड. नोईच्या गेस्टहाउसच्या जागी पांढरं काँक्रीटचं रिसॉर्ट, आणि लॉबीत सांताची टोपी घालून सॅक्सोफोन वाजवणारा एक इसम. टूरिस्ट लोक समुद्राकडे पाठ करून पूलमध्ये बिअर पीत होते. मला किळस आली.

आणखी एक... पूर्वी तिथे कोंबडे, कुत्री, पोरं यांचा नुसता कालवा असायचा. आता तो सॅक्सोफोन थांबला की फक्त लाटा ऐकू यायच्या.

मी चेक-इन करत होते. परीक्षित ज्ञानदाला घेऊन मागे चक्कर मारायला गेला आणि खूश होऊन परत आला.

"नोई भेटली गं. मागे, माडाच्या खुंटाजवळ. ज्ञानदाच्या केसांवरून हात फिरवला तिने."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. मीच बोललो. म्हटलं, कम टू अवर हाउस. ट्रॉय, मिशिगन. एनी टाइम."

नोईचं नाव ऐकून काउंटरवरच्या मुलीने मान वर केली. मग हळूच सांगितलं...

नोई लाटेत गेली. तिचं शव मिळालं. मुलगी अजून मिळालेली नाही.

मी परीक्षितला चांगलंच सुनावलं. याला सगळ्या थाई बायका सारख्याच दिसतात, भलत्याच कुणाला तरी आमंत्रण देऊन आला असणार. तो गप्प बसला. हेच मला जरा विचित्र वाटलं.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बाहेर गुडघाभर बर्फ. हॉलभर बायका, दाराशी बुटांचा ढीग, आणि विषय एकच, कुणाचं ग्रीन कार्ड कुठवर आलं. ज्ञानदा परकर-पोलकं घालून तिळगूळ वाटत होती.

बेल वाजली...

ज्ञानदाच धावली. दार उघडल्याचा आवाज आला. "कम इन," ती म्हणाली. मग दार लागलं.

आत कुणीच आलं नाही.

मी जाऊन बाहेर पाहिलं. परीक्षितने सकाळी साफ केलेल्या वाटेवर, बायका आल्यानंतर, पुन्हा बर्फ साचला होता. त्यावर पावलाची एक खूण नाही... शेजारच्या पोरांचा चावटपणा असेल, असं म्हणून मी हळदीकुंकवाचं तबक उचललं आणि एकेकीला लावत निघाले. मैत्रिणीपाशी, आसावरीपाशी आले, तर तिने मला कोपराने ढोसलं.

"अगं, तिला लाव ना आधी. तुझ्या त्या फ्रेंडला. बिचारी कधीची ज्ञानदाला मांडीवर घेऊन बसलीय."

"कुठली फ्रेंड?"

"ती काय, जिन्यात. चायनीज आहे का गं?"

मी वळून पाहिलं...

जिन्यात ज्ञानदा एकटीच होती. त्या पायरीवर बसलं की तिचे पाय खाली टेकतात. आता ते लोंबकळत होते.

आणि ती काहीतरी चावत होती. तोंडात घास असावा तशी.

माझ्या हातातलं तबक पडलं. मी तिला ओढून उराशी धरलं.

"कोण होतं गं तिथे?"

"आंटी," ज्ञानदा शांतपणे म्हणाली. "शी सेज शी फाउंड मी. शी वॉज लुकिंग एव्हरीव्हेअर."

आसावरी पांढरीफटक पडली. एरवी वाणाची प्लास्टिकची डबीसुद्धा न सोडणाऱ्या बायका रिकाम्या हातांनी पळाल्या. मैत्रिणी म्हणे.

मंडळाच्या गुरुजींना बोलावलं. एरवी आठवडाभर ऑफिसात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करणारा माणूस. मंत्र म्हटले, शिरा खाल्ला, "आता काही नाही वहिनी" म्हणून निघून गेले. परीक्षित म्हणतो, मुलांची इमॅजिनेशन असते. म्हणू दे बापडा.

वर्ष उलटून गेलंय. मी स्वयंपाकघरातून ज्ञानदाला हाक मारते. ती लगेच येत नाही. आधी मान वळवून बाजूला बघते, जाऊ का असं कुणाला तरी विचारल्यासारखी. थोडा वेळ थांबते. मग माझ्याकडे येते.

अजून तरी रोज येते. पण मी पोटची आई, आणि माझ्या लेकीला माझ्याकडे यायला दुसऱ्या कुणाची तरी परवानगी लागते. तिकडून एक दिवस नाही म्हटलं, तर...