एका पानात बसेल इतकं

वॉशिंग मशीन पिं-पिं करून थांबलं आणि दुपारची शांतता मोडली. कपडे धुऊन होईस्तोवर सारांश संपवायचा, असं तिनं ठरवलं होतं. कपडे झाले. सारांश मात्र पहिल्याच वाक्यात घुटमळत होता.

कादंबरी केव्हाच लिहून झाली होती. लेक भिंगरी बालवाडीत असताना, भाजी शिजताना, अशी मिळेल त्या वेळात. पण वाचण्याआधी प्रकाशकाला सारांश हवा होता. एकच पान, आणि त्यात शेवटसुद्धा सांगायचा. इथंच गाडं अडलं होतं. तिच्या कादंबरीतली शिवणकाम करणारी बाई शेवटी दारात उभी होती, आणि बाहेर तिचा माणूस गाडी सुरू करून थांबला होता. ती जाते की राहते, हे वाचकावर सोडलं होतं. खरं तर लिहिणारीलाच ते ठाऊक नव्हतं.

जे काही जमलं होतं, ते छापून आणायला ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. पानं बाहेर आली ती दुसऱ्याच कुणाच्या पानांत मिसळून. शेजारच्या उंच माणसानं तिचं पान उचललं, वाचलं आणि खिशातून लाल पेन काढलं.

"अहो! काय करताय?"

"सवय हो..." तो ओशाळला. "मी मुद्रितशोधक आहे. चूक दिसली की हात थांबत नाही. हॉटेलात मेनूकार्ड दुरुस्त करतो आणि उपाशी परत येतो."

"मग? किती सापडल्या?"

"शुद्धलेखनाची एकही नाही. पण... हा सारांश नाही हो. ही कादंबरीच आहे, धापा टाकणारी."

राग यायला हवा होता. आलं हसू.

मग दुकानाबाहेरच्या बाकावर, भिंगरीला आणायला जाण्याआधी, त्या पानावर रोज लाल रेघा पडू लागल्या.

"या मावशी कोण?"

"शेजारीण. फार गोड आहे."

"असेना गोड. तिच्यामुळे गोष्ट वळते का?"

"नाही..."

"मग मावशींना नमस्कार." रेघ.

"किती निर्दयी आहात तुम्ही!"

"फक्त पोटापाण्यापुरता. एरवी मुंगीलासुद्धा वाट देतो."

पान आखूड होत गेलं आणि बसणं लांबत गेलं. वारा सुटला की तो पानावर हात ठेवी, तीही ठेवी... आणि काढून घ्यायची घाई दोघांनाही नसे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटलं. कधी भिंगरीला आणायला तो सोबत येई. भिंगरी त्याच्या खांद्यावर चढून बसे आणि उतरायचं नाव घेत नसे.

घरी सासूबाई म्हणत, "तू लिही निवांत. पोरीचं मी बघते." मुलगा गेल्यापासून त्यांनी सुनेला एका शब्दानं दुखवलं नव्हतं. मामंजी तर तिच्या टेबलाचा डुगडुगणारा पायही न सांगता नीट करून ठेवत. "तुम्ही दोघी आहात म्हणून हे घर आहे गं," असं सासूबाई जेवताना सहज बोलून जात. खाष्ट सासूला सोडून जाणं सोपं. या मायेचं काय करायचं?

एक दिवस त्यानं पान हातात घेतलंच नाही.

"दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय. मोठा छापखाना आहे. परवा निघायचंय." तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. "तू... आणि भिंगरी... याल? खरं तर तिलाच आधी विचारणार होतो. ती लगेच हो म्हणाली असती."

"आणि मी?"

"तू आधी कच्चा मसुदा करशील."

ती हसली. मग हसू कुठं ठेवावं ते कळेना. "उद्या सांगते."

"उद्या सारांशही पाठवायचाय ना? दोन्ही घेऊन ये."

सकाळी उठतानाच तिचं ठरलं होतं. हो म्हणायचं. केस विंचरताना ती चक्क गुणगुणत होती. राहिला होता तो सारांश. पान भरलं होतं, खाली एकच ओळ उरली होती. 'ती त्याच्याबरोबर जाते' असं लिहिलं की लगेच कारण द्यावं लागे. मागे राहिलेल्यांचं काय, घराचं काय. तीन-चार ओळी व्हायच्या आणि पान उलटायचं. तिनं अक्षर बारीक केलं, समास कमी केला. बसेना. मुदत टळत आली, तेव्हा तिनं लिहून टाकलं : 'ती जात नाही.' याला कारण लागलं नाही. पान पुरलं. तिनं ते पाठवून दिलं, आणि एक प्रत घेऊन बाकाकडे धावली.

त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. पेन उघडंच होतं. शेवटच्या ओळीशी त्यानं ते बंद केलं.

"छान झालाय. एक शब्दही काढता येणार नाही."

"अरे, ते कादंबरीतलं आहे!" ती घाईनं म्हणाली. "जागा उरली नव्हती म्हणून..."

"असेल." त्यानं पेन तिच्यापुढे धरलं. "मग खोड. फक्त 'नाही' खोड आणि जाते म्हण. पुढचं आपण दोघं लिहू."

तिनं पेन घेतलं. टोक शब्दावर टेकवलं. आणि डोळ्यांपुढे जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या सासूबाई आल्या, हातातला घास तसाच धरून ऐकणाऱ्या. त्यांना सांगायचं पहिलं वाक्य तिनं मनात जुळवून पाहिलं... दुसरं पाहिलं... सकाळचा होकार जिभेवर होता, तो तिथंच विरघळला. पेनानं कागदावर नुसता लाल ठिपका उमटवला.

"जागा नाही रे," ती म्हणाली.

तो थोडंसं हसला. "मला कळणार नाही तर कुणाला? जागा नाही म्हणून किती जणांना मीच काढलंय."

तिच्या हातातलं पेन घेऊन त्यानं खिशात ठेवलं आणि तो उठला. रस्ता ओलांडताना त्यानं एकदाही मागे पाहिलं नाही, आणि तिनंही त्याला हाक मारली नाही. हाकेला कितीशी जागा लागली असती!

बालवाडीच्या फाटकातून भिंगरी उड्या मारत आली. "आई, झाली तुझी गोष्ट?"

"झाली."

"शेवटी काय होतं?"

"शेवटी ना... तो माणूस तिला न्यायला येतो. पण ती जात नाही."

भिंगरी चालता चालता थबकली. "तिला जायचं नव्हतं?"

"होतं."

"मग का नाही गेली?"