तेराव्या किलोमीटरवरची सोबत

“कुणाला मागे सोडून यायची वेळ आली, तर त्याचा हात मागच्या माणसाच्या हातात द्या आणि मगच निघा. लांबून दिसला, हात हलवला, एवढ्यावर निघू नका.”

शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर वाटणाऱ्या काकांनी ताईला हे बजावलं होतं.

ताई हसली. “काका, शर्यत आहे की लग्न लावताय?”

काका हसले नाहीत.

पुढचं सगळं खरं आहे. कुणाला थाप वाटेल, वाटू दे. पण डिसेंबरातल्या त्या रविवारी मी स्वतः डोंगराच्या पायथ्याशी, शेवटच्या रेषेजवळ उभी होते. कडेवर माझं आठ महिन्यांचं बाळ. ताईच्या चेहऱ्याचा रंग उडताना मी पाहिलाय.

माझी ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिला धावायचा नाद लावला तिच्या धाकट्या नणंदेनं. सगळे तिला छोटी म्हणतात. नावालाच छोटी, उंचीला ताईपेक्षा वीतभर जास्त. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटी राहते. दोघींची गट्टी अशी, की मला, सख्ख्या बहिणीला, हेवा वाटावा.

डोंगरातली दोघींची ही पहिलीच शर्यत. एकवीस किलोमीटर.

वाट कळावी म्हणून झाडांना लाल पट्ट्या बांधलेल्या असतात. सगळ्यांच्या मागून केशरी जॅकेट घातलेला एक माणूस येतो. मागे राहिलेल्यांना सांभाळून आणायचं आणि येता येता कात्रीनं पट्ट्या कापून घ्यायच्या, हे त्याचं काम. काकांनी सांगितलेला मागचा माणूस तो हाच.

तेराव्या किलोमीटरला छोटीचा पाय मुरगळला.

धुकं उतरलं होतं. दोघी सगळ्यात शेवटी होत्या.

“वहिनी, तू जा,” छोटी दगडावर बसत म्हणाली. “वेळ संपली तर दोघींनाही बाद करतील. सहा महिने पहाटे उठलीस ती काय माझा पाय चोळायला?”

“गप गं. तुला टाकून जाऊ?”

“टाकून कशाला? तो बघ आला.”

खालच्या वळणावर केशरी जॅकेट दिसलं. एका झाडापाशी उभं.

कच्च… कात्रीचा आवाज आला.

ताईनं हात वर केला. त्यानंही केला.

पाच मिनिटांचं अंतर. फार तर सात. ताईनं पाण्याची बाटली छोटीच्या मांडीवर ठेवली आणि निघाली.

थोडं पुढे गेल्यावर मागून पुन्हा आवाज आला.

कच्च…

इतक्या लवकर?

मग पावलं ऐकू आली. दोघांची. एक जण पाय ओढत होतं.

ताईचा जीव भांड्यात पडला. “छोटे, जमतंय का गं?”

ताई थांबली… पावलंही थांबली.

ताई चालू लागली… पावलंही चालू लागली.

दमली असेल, म्हणून बोलत नसेल. ताईनं मनाची समजूत घातली. मागे वळून पाहिलं, तर नुसतं धुकं.

पंधराव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. तिथल्या पोरींना ताई म्हणाली, “माझी नणंद लंगडतेय, पण मागचा माणूस आहे तिच्यासोबत. येतायत दोघं.”

“मग काळजी नाही,” त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्यामुळे छोटीला शोधायला कुणीच गेलं नाही.

ताई पोहोचली. गळ्यात पदक पडलं. मी टाळ्या वाजवल्या. आणि तिची नजर मंडपाकडे गेली.

केशरी जॅकेटवाला खुर्चीत बसला होता. बूट काढून. हातात चहाचा कप.

“तुम्ही… इथे कसे?”

“मी नवव्या किलोमीटरवरूनच परत आलो, ताई. एकाला चक्कर आली, त्याला खाली आणलं. वायरलेसवर वर निरोप देत होतो, लागेचना. का? मागे कुणी आहे?”

“माझी नणंद. तेराव्याला,” ताई म्हणाली.

वर माणसं धावली. पायाचे गोळे दुखत असताना ताईही गेली. पंधरापासून तेरापर्यंत एकूण एक लाल पट्टी झाडाला जशीच्या तशी होती.

एकही कापलेली नव्हती.

छोटी त्याच दगडावर होती. ओठ निळे पडलेले. पण चेहरा शांत. पाण्याची बाटली न उघडलेली.

ताईनं तिला मिठी मारली. “चुकले गं मी. तुला एकटीला सोडून गेले.”

“एकटी कुठे होते?” छोटी म्हणाली. “तू लगेच परत आलीस की. इथे बसलीस, माझा हात धरून. बोलत मात्र नव्हतीस…”

मग ताईची बोटं चाचपून म्हणाली, “आत्ता हात गरम झाले बघ. मघाशी किती गार होते.”

थंडीनं होतं असं, डॉक्टर म्हणाले. आम्हीही तेच धरून बसलो. पाय बरा झाला. छोटी आपल्या खोलीवर परत गेली.

हळूहळू तिचे फोन कमी झाले. ताईनं केला, की म्हणायची, “अगं, शेजारी बसून फोन काय करतेस?”

ताईला वाटायचं, थट्टा करतेय.

गेल्या गुरुवारी ताई न कळवता तिच्याकडे गेली. बेल वाजवली. छोटीनं दार अर्धवट उघडलं. ताईकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

“कोण पाहिजे आपल्याला?”

“छोटे, मी आहे गं. वहिनी.”

छोटीनं मान वळवून आत पाहिलं. मग पुन्हा ताईकडे.

“वहिनी आत बसलीय,” ती म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

भावोजी, म्हणजे छोटीचा भाऊ, उद्या सकाळी तिला डॉक्टरकडे न्यायला जाणार आहेत. वेळ आली तर कुलूपवाल्यालाही नेणार आहेत. बरोबरच आहे त्यांचं. पण ताई चार दिवस झोपलेली नाही. ती एकच विचारते… एक हात आपण धरून तिला बाहेर काढू, पण तिचा दुसरा हात सुटेल का?

हल्ली बाळाला थोपटतानाही माझे कान दाराकडे असतात.

तुमचं कुणी एकटं राहत असेल आणि हल्ली “माझी काळजी नको, सोबत आहे” असं म्हणत असेल, तर फोनवर विश्वास ठेवू नका.

आजच जा. आणि सोबत कोण आहे, ते स्वतः आत जाऊन बघा.