बसल्यावर हळूहळू खाली येते

लिफ्टवाला चष्म्याच्या दुकानात शिरला तो डोळे तपासायला नव्हे, खुर्ची न्यायला. पण शिरतानाच दारातल्या आरशावर त्याचं कपाळ असं दणकन आपटलं, की चष्मेवालीने त्याला गिऱ्हाईक समजून बसवलं यात तिची काही चूक नाही. बसवलं तेही नेमकं त्याच खुर्चीत.

ती खुर्ची म्हणजे एक प्रकरणच होतं. अस्सल लोखंडी, लाल गादीची, बाजूला वर चढवायचा दांडा. चष्मेवालीचे बाबा केस कापायचं दुकान चालवत तेव्हा निम्मं गाव तिच्यात बसून भादरून गेलं. पुढे बाबांच्या हाताला थरथर आली, दुकान लेकीकडे आलं आणि वस्तऱ्यांच्या जागी चष्म्यांच्या फ्रेमी लागल्या. खुर्ची तेवढी राहिली. तिला खोड एकच. माणूस बसला की ती हळूहळू खाली यायची. एक पुढारी म्हणे दाढी करून घेता घेता भाषण देत होते. ते संपेस्तोवर त्यांची हनुवटी बेसिनच्या काठाला टेकली होती. लेकीने तिच्यात बसवून डोळे तपासायला घेतले, तर गिऱ्हाईक वाचता वाचता तक्त्याच्या खाली जाई. अर्ध्या गल्लीला आढ्याकडे बघायचे चष्मे लागले. शेवटी तिने नवी खुर्ची मागवली आणि जुनी मोबाइलवरच्या जुन्या सामानाच्या लिलावात टाकली. फोटोखाली स्वच्छ लिहिलं, ‘बसल्यावर हळूहळू खाली येते.’

आपण लिफ्ट दुरुस्त करतो असं सांगून कपाळ चोळत लिफ्टवाल्याने आपलं येणं सांगितलं. त्याच्या ताईचं केस कापायचं नवं दुकान रविवारी सकाळी उघडत होतं आणि लिलाव संपत होता रविवारी संध्याकाळी. ताईला हवी होती अशीच खुर्ची, जुन्या चालीची. तेव्हा लिलाव आजच बंद करावा, तो दुप्पट पैसे देऊन खुर्ची आत्ता उचलेल. बाहेर टेम्पोसुद्धा उभा होता.

“एक बोली लागलीय,” ती म्हणाली. “कावळा या नावाने कुणीतरी लावलीय.”

“केवढीशी ती बोली... आणि तशी सोय आहे ना? मधेच बंद करायचं बटण असतं.”

“तुमच्या लिफ्टमध्ये धोक्याचं बटण असतं. येता-जाता दाबता का?”

एव्हाना खुर्ची वीतभर खाली आली होती. त्या बुटक्या उंचीवरून त्याने एक गोष्ट कबूल केली. मागे त्यानेही एका दुर्बिणीवर बोली लावली होती. घरी कुणाला न सांगता रोज चार वेळा ती उघडून बघायचा, गच्चीवर तिची जागासुद्धा झाडून ठेवली होती. आणि एके दिवशी लिलावच गायब. विकणाऱ्याने लिहिलं, ‘वस्तू हरवली.’ हरवली कसली, कुणीतरी मागच्या दाराने जाऊन उचलली होती.

“राग पैशाचा नव्हता आला,” तो म्हणाला. “आपण रांगेत उभे होतो, हे कुणी मोजलंच नाही, त्याचा.”

बोलून झाल्यावर आपण आत्ता इथे काय करायला आलो होतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. चष्मेवालीला लाल झालेले कान आवडतात, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. त्याने टेम्पो परत पाठवला, तिच्यादेखत कावळ्याच्या वर उघड बोली लावली, आणि मग चाचरत म्हणाला, “आलोच आहे तर... डोळे तपासता?”

तिने तपासले. त्याने मोठी अक्षरं चुकवली आणि बारीक बरोबर वाचली. असा डोळा जगात कुणालाच नसतो. ती मात्र गंभीर चेहऱ्याने भिंगं बदलत राहिली आणि उद्या परत यायला सांगितलं.

मग तो रोज यायला लागला. कधी खुर्ची दारातून निघेल का ते मोजायला, कधी पायाचे बोल्ट बघायला. अंगाला ग्रीसचा वास, खिशात पान्हा. खुर्चीतलं तेल गळतंय, वायसर बदललं तर ती खाली यायची थांबेल, असं त्याने सांगितलं, तर चष्मेवालीने हात लावू दिला नाही. जाहिरातीत लिहिलंय तशीच गेली पाहिजे. म्हणून तो बसे, बोले आणि बोलता बोलता खाली जाई. त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत आले की दोघंही कशी कोण जाणे एकदम गप्प व्हायची. ती रेषा ओलांडून खुर्ची आणखी खाली गेली की मग पुन्हा बोलायची.

हे असं छान चाललेलं असताना आत्या आली. आत्याचे डोळे अधू होते, पण भाची चष्म्याच्या दुकानात असून तिने जन्मात चष्मा लावला नव्हता. तिने लिफ्टवाल्यालाच भाऊ समजून त्याच्या गालावर थोपटलं आणि आनंदाने सांगून टाकलं की बँकेतल्या मुलाकडून विचारणा झालीय, चांगली माणसं आहेत आणि पोरीने रविवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं कबूल केलंय. ती मुदत आत्यानेच ठरवली होती. खुर्ची आणि पोरगी, दोघी एका दिवशी मार्गी लागू देत, म्हणून.

लिफ्टवाला खुर्चीतून उठला. त्या दिवसापासून तो येई, पण दारातूनच बोलीचं विचारी, ‘नमस्कार, येतो’ म्हणे आणि जाई. बसत नसे. शनिवारी चष्मेवालीने त्याला हटकलं.

“काही बोलायचं राहिलंय का तुमचं?”

“राहिलंय. पण... रविवारनंतर बोलेन. बोलायसारखं उरलं तर.”

“का?”

“एक बोली लागलीय ना. चालू लिलावात मागच्या दाराने यायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत.”

“मी काय खुर्ची आहे?” तिचा आवाज चढला.

“नाही,” तो म्हणाला. “म्हणून तर जास्त जपून.”

तो गेला आणि ती तक्त्याकडे बघत उभी राहिली. आपणच खणलेल्या खड्ड्यात पडलं की माणूस ओरडतही नाही. त्याने एक शब्द टाकला असता तर तिचं सगळं सोपं झालं असतं. पण टाकला असता, तर तो तिला एवढा आवडलाही नसता. आपण होऊन बोटीत बसल्यावर किनारा लांब गेला म्हणून त्याला शिव्या देण्यात काय अर्थ?

रविवारी सकाळी बाबा कोपऱ्यात बसून जुने वस्तरे पुसत होते. आता उपयोग नसला तरी पुसत. तिने त्यांना विचारलं, पण आडवळणाने. पूर्वी दुकानात रांग असताना एखाद्याची दाढी करायचं मनात नसलं, तर ते काय करायचे?

बाबांनी फडकं थांबवलं. “त्याला बसवून ठेवून दुसऱ्याला खुर्चीत घेणं, हे पाप. पण समोर जाऊन सांगायचं, की बाबा रे, माझ्याच्याने होणार नाही, तू थांबू नकोस. ते पाप नाही. उलट त्याची सकाळ वाचते.” मग वस्तरा उजेडात धरून म्हणाले, “आणि दुसरा कुणी दाराशी उभा आहे का, हे आधी डोकावून बघायचं नाही. बघितलंस की तो सौदा झाला.”

ती तशीच निघाली. बँकेतला मुलगा घराखाली सायकल पुसत होता. तिने उभ्या-उभ्याच सांगितलं, की तुमच्यात काही कमी नाही, पण माझं मन होत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं वाटेना. त्याने चाक एकदा फिरवून बघितलं.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “लोक नुसते फोन उचलायचे बंद करतात.” मग कसनुसं हसून, “दुसरीकडून वरचढ विचारणा आली वाटतं?”

“कुणीच काही विचारलेलं नाही,” ती म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं. हातचं सोडलं होतं, आणि पळत्याच्या पाठी लागायचं नाही असं स्वतःच ठरवून बसली होती.

संध्याकाळी लिफ्टवाला आला. सकाळी ताईचं दुकान स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर दोन उशा ठेवून उघडलं होतं आणि पहिलंच गिऱ्हाईक घसरलं होतं. तेव्हा खुर्ची हवी ती हवीच. कावळाही इरेला पेटला होता. शेवटच्या क्षणी वरची बोली लावायची म्हणून तो मोबाइल मुठीत धरून दारातच उभा राहिला.

“बसा,” ती म्हणाली. तिने दांडा मारून खुर्ची पार वर चढवली आणि दिवा लावला. “वाचा.”

त्याने मोठी अक्षरं चुकवली.

“तुमचे डोळे ठणठणीत आहेत. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला.”

खुर्ची खाली यायला लागली. त्याचे कान लाल झाले. “मग... सांगितलं का नाहीत?”

“चालू तपासणी मधेच थांबवायची नसते.” ती भिंगांचा डबा उगाच लावत बसली. “सकाळी मी त्यांना नाही म्हणून सांगून आले. तोंडावर. तेव्हा आता कुणाचीच बोली नाही. मागचं दार नाही, पुढचं दार नाही... सगळंच उघडं आहे.”

खुर्ची येत राहिली आणि त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत आले. या खेपेस रेषा ओलांडायच्या आत तो खुर्चीवरून पाय काढून जमिनीवर उभा राहिला.

“मला तुझ्याशिवाय करमत नाही,” तो म्हणाला. “एवढंच बोलायचं राहिलं होतं.”

“एवढं बोलायला एवढी मोजमापं घेतलीस होय रे?” ती म्हणाली, आणि दोघांचंही ‘तुम्ही’ तिथेच गळून पडलं.

मोबाइल टिणटिणला तेव्हा कुठे त्याला भान आलं. लिलाव संपला होता. खुर्ची कावळ्याची झाली होती, रीतसर. ताईला फोन करणं भाग होतं. सगळं ऐकून घेऊन ताई म्हणाली, “खुर्ची आणायला धाडला तर भावजय ठरवून बसलास. आता तिलाच सांग, माझं गिऱ्हाईक सावरून धरायला.”

आत्या नेमकी त्याच वेळी उत्तर न्यायला दारात आली होती. ती आजही शपथेवर सांगते, की ती दोघं खुर्चीला टेकून उभी होती, दांड्याला कुणाचा हात नव्हता, आणि जन्मभर खाली येणारी ती खुर्ची तिच्या डोळ्यांदेखत वीतभर वर गेली.

आत्या खोटं बोलत नाही. फक्त चष्मा लावत नाही.