चढाला जागा लागते

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. नाशिकरोडला, जेलरोडच्या तिच्या घरात, २००५ सालच्या मे महिन्यात.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

भुतं रात्रीच येतात असं कुणी ठरवलं कोण जाणे. माझे काका हयातीतसुद्धा रात्री कुणाला त्रास देत नसत. रात्री ते घोरत. त्रास सगळा दिवसा.

ज्योत्स्नामावशीचे यजमान, सावळीरामकाका, रेल्वेत होते. इगतपुरीला. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. काका त्या बँकरवर ड्रायव्हर. पुढचं इंजिन शिट्टी देणार, मागून यांनी शिट्टीनेच उत्तर द्यायचं, मग दोघांनी मिळून गाडी वर न्यायची. उभी नोकरी त्यांची त्यात गेली.

आणि रिटायर झाले तेव्हा तोच घाट ते घरी घेऊन आले.

जेलरोडच्या घरात मागची एक खोली मावशीची ठरलेली होती. शिवणक्लाससाठी. तिच्या लग्नात माहेरच्यांनी शिलाई मशीन दिलं होतं. त्याच्या लाकडी झाकणावर पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलेलं, 'सौ. ज्योत्स्ना'. रेल्वे क्वार्टरमध्ये मशीन नीट ठेवायलाही जागा नव्हती. काका म्हणायचे, "नाशिकला घर बांधू, तेव्हा एक खोली तुझी." या एका वाक्यावर तिने संसार रेटला.

घर झालं. खोलीही झाली. खोलीत आधी सुताराचे लाकडी घोडे आले. घोड्यांवर प्लायवूडच्या फळ्या आल्या. फळ्यांवर बोटभर रुंदीचे रूळ. मुंबईहून कुणाकडून तरी जुनं, छोटं, विजेवर चालणारं इंजिन आणि डबे आले. खिडकीकडचं टेबल बुटकं, ते कसारा. भिंतीकडचं उंच, ते इगतपुरी. मधला घाट तेवढा राहिला होता.

तो राहायचाच. काका बांधायचे आणि मोडायचे. चढ जरा उभा झाला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. मग काका मान हलवून म्हणायचे, "चढ सोपा करायचा तर लांबी वाढवायला लागते. लांबीला जागा लागते."

ती जागा कुठून यायची? मावशीचं मशीन खिडकीतून कोपऱ्यात गेलं. कोपऱ्यातून दाराशी.

आणखी एक सांगायचं राहिलं. काका मावशीला नावाने हाक मारत नसत. खोलीतून ओठांनी दोन आखूड शिट्ट्या द्यायचे. चहा हवा असेल, नाहीतर फळी धरायला माणूस हवं असेल. मावशीने "आले" म्हणायचं. नाही म्हटलं तर पुन्हा शिट्टी. पुन्हा शिट्टी. उत्तर मिळेपर्यंत.

एकदा तिने विचारलं होतं, "अहो, मला नाव नाही का?"

काका म्हणाले, "घाटात नावाने हाका मारत नाहीत."

एप्रिलअखेर काका गेले. झोपेत, शांतपणे. दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर होतो. मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकटे भाऊ दत्तूकाका विधीला बसले होते. पिंड मांडले.

कावळा शिवेना.

दत्तूकाकांनी हात जोडले. "दादा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही. तिची काळजी करू नको."

कावळा समोरच्या भिंतीवर बसून पंख साफ करत राहिला.

"वहिनीला काही कमी पडू देणार नाही, दादा. शब्द देतो."

कावळा उडाला... आणि शेजारच्या कुणाच्या तरी पिंडाला शिवून पुन्हा भिंतीवर येऊन बसला.

ऊन डोक्यावर चढलं होतं. मागची माणसं ताटकळली होती. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. मावशी एकटक त्या भिंतीकडे बघत होती. सगळं आयुष्य ज्याच्यामागे घातलं, तो तिच्या नावावर जागचा हलत नव्हता. तिचा संताप संताप झाला. सगळ्यांदेखत ती ओरडली,

"घाट राहिलाय ना तुमचा? मी करते पूर्ण! मी करते! या आता!"

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

लोक म्हणाले, सुटला बिचारा. मावशीला मात्र कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी नाही आले."

तेराव्यानंतर तिने गल्लीतल्या कोंडाजी सुताराला बोलावलं. शब्द दिलाय तर तो एकदाचा उरकायचा आणि सगळं मोडून खोली मोकळी करायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. कोंडाजीने खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर एक सरळ फळी टेकवली आणि तिच्यावर रूळ चिकटवले.

"बाई, हे लय उभं झालं," तो म्हणाला.

"असू दे. वर गेलं म्हणजे झालं."

तिने बटण दाबलं. इंजिन फळीपाशी आलं आणि चाकं गरगर फिरायला लागली. मावशीने मागून बोट लावलं आणि इंजिन ढकलत ढकलत वर नेलं.

"झाला बघा तुमचा घाट. आता मोकळे व्हा, आणि मलाही करा."

कोंडाजीला तिने दुसऱ्या दिवशी सगळं मोडायला यायला सांगितलं. खोलीला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. संध्याकाळी फाटकावर पाटीसुद्धा लावली, 'शिवणक्लास'. कितीतरी वर्षांनी ती त्या दिवशी गुणगुणत स्वयंपाक करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीसारखे लाईट गेले. लोडशेडिंगचे दिवस ते. पंखा हळूहळू थांबला. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. मावशी स्वयंपाकघरात जरा आडवी झाली होती.

आणि तेव्हा...

खर्र... खर्र... खर्र...

लाकडावर पॉलिश पेपर घासल्याचा आवाज. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

मावशी उठली. मागच्या खोलीच्या दाराशी गेली. आवाज थांबला. कुलूप जिथल्या तिथे होतं. ती परत वळली...

खर्र... खर्र...

तेवढ्यात फाटक वाजलं. कोंडाजी हत्यारांची पिशवी घेऊन आला होता. तो मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, कान लावला आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, दुसरा मिस्तरी लावायचा व्हता तर मला कामून बोलावलं?"

"कुठला दुसरा? आत कुणी नाहीये."

"म्हंजे? करवत चालू हाय की आत. मला काय कळत नाय का?"

मावशीने बोटाने कुलूप दाखवलं. कोंडाजीने कुलपाकडे बघितलं. मग मावशीकडे. पिशवी उचलून तो जो गेला, तो पुन्हा त्या घरात कामाला आला नाही.

मावशीने कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं.

कोंडाजीची सरळ फळीही नव्हती. तिच्या जागी लाकडाचे टेकू उभे होते, ओळीने. पहिला जेमतेम पाटाएवढा, पुढचा त्याहून किंचित उंच, त्याच्या पुढचा आणखी किंचित. त्यांवर रूळ. आणि वर, इगतपुरीत, इंजिन उभं होतं.

तिने हात लावून बघितला.

इंजिन गरम होतं. घरात लाईट नव्हते.

ती आधी घाबरली नाही. चिडली. दत्तूकाकांकडे दुसरी किल्ली असणार असं तिला वाटलं. तिने फोन करून त्यांना नाही नाही ते सुनावलं. ते बिचारे रडकुंडीला आले. "वहिनी, आईची शपथ, मी दिंडोरीत आहे. द्राक्षवाल्याकडे कामावर आहे मी."

मग तिने टेकू ओढून काढले, पोत्यात भरले आणि पोतं मागच्या ओट्यावर टाकलं. कुलूप लावलं. "माझी खोली आहे," ती दाराला म्हणाली. "ऐकलंत? माझी आहे."

दुसऱ्या दुपारी पंखा थांबला.

खर्र... खर्र...

या वेळी ती हलली नाही. कानावर उशी दाबून पडून राहिली. लाईट आल्यावर दार उघडलं.

टेकू परत उभे होते. पण आता ओळ लांब झाली होती. चढ आणखी सोपा केला होता. ती सरळ जात नव्हती. इगतपुरीपासून उतरत, भिंतीच्या कडेने वळसा घेत, ती थेट दारापर्यंत आली होती.

दाराशी मावशीचं मशीन होतं.

मशीन होतं... झाकण नव्हतं.

मावशी खाली वाकली. ओळीतले शेवटचे टेकू नव्या कापलेल्या लाकडाचे होते. कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या. एकावर पिवळ्या रंगात 'त्स्ना' होतं. त्याच्या खालच्यावर 'ज्यो'. आणि सगळ्यात बुटक्या, सगळ्यात शेवटच्या टेकूवर 'सौ.'

त्याच्या पुढे उंबऱ्यात एक फळी होती. एक टोक ओळीला जोडलेलं. दुसरं टोक हवेत, घराच्या आतल्या बाजूला.

कुणीतरी ते धरायचं बाकी होतं.

मावशी तशीच चपला घालून निघाली. दार उघडं टाकून. संध्याकाळी ती पिंपळगाव बसवंतला आमच्या दारात उभी होती, हातात पिशवीसुद्धा नाही. हे सगळं तिने आईला सांगितलं ते मी शेजारी बसून ऐकलं. आई म्हणाली, "आता तिकडे जायचंच नाही. इथेच राहा. मशीन आपण नवीन घेऊ." मावशी लहान मुलासारखी रडली. तिचं नवं मशीन आम्ही ओसरीवर लावायचं ठरवलं, उजेडात. काही दिवसांनी ती हसायलाही लागली.

मग जूनच्या सुरुवातीची ती दुपार. आई, मावशी आणि मी अंगणात कांदा निवडत बसलो होतो. लाईट गेलेले. आई कुणाच्या तरी लग्नाचं काहीतरी सांगत होती आणि मावशी "हो का?" म्हणत होती.

अचानक तिचा हात थांबला.

मान किंचित वळली... नाशिकच्या बाजूला.

मी शपथेवर सांगतो, मला काहीही ऐकू आलं नाही. आईलाही नाही.

मावशीने कांदा खाली ठेवला. ओठ घट्ट मिटून घेतले. बराच वेळ ती तशीच बसून होती, आणि मधूनमधून दचकत होती. एकदा. मग पुन्हा एकदा. मग पुन्हा.

शेवटी ती अगदी हळू म्हणाली,

"आले."

आणि उठली. पदर खोचला. आईने हात धरला, मी वाट अडवली. ती रागावली नाही. थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "उत्तर दिलं नाही ना, तर ते थांबत नाहीत रे. तुम्हाला नाही कळायचं."

संध्याकाळच्या एसटीने ती गेली.

ती अजून तिथेच राहते. एकटी. फाटकावरची पाटी उतरवलेली आहे. आताशा तिकडे दुपारचे लाईट जात नाहीत, तरी दुपारी फोन केला तर उचलत नाही. मागच्या दिवाळीला भेटायला गेलो होतो. मावशीने चहा दिला. कप घेताना मला तिचे हात दिसले. तळव्यांना घट्टे पडले होते, आणि नखांत लाकडाचा भुसा होता.

मी मागच्या खोलीकडे बघितलं. दार बंद होतं. पण त्या दारात कापलेल्या खाचेतून टेकूंची ओळ बाहेर आली होती, एकेक बोटाने उतरत, बैठकीतून, थेट तिच्या पलंगापर्यंत.

"मावशी, ती खोली तुझी होती ना गं?" माझ्याने राहवलं नाही.

तिने पलंगाकडे बघितलं. म्हणाली, "चढ अजून जरा उभाच आहे म्हणतात."